करारपत्र शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरची (म्हणजे रुग्ण तपासून उपचार करणाऱ्या, जादा शिक्षण घेतलेल्या नर्सची) पहिली नोकरी लागली की करारपत्र हातात पडतं आणि डोळे थेट पगाराच्या आकड्यावर जातात. साहजिक आहे. पण माझा आग्रह उलटा आहे. आधी नोकरी सुटण्याबद्दलची कलमं वाचा, पगार शेवटी. पगार कमी वाटला तर वर्षभराने पुन्हा विषय काढता येतो. बाहेर पडण्याच्या अटी लागू होतात तेव्हा बहुधा संबंध बिघडलेले असतात, तेव्हा कोण कोणाचं ऐकणार?

विम्यापासून सुरुवात करू. इथे मालप्रॅक्टिसचा, म्हणजे उपचारातल्या चुकीबद्दलच्या दाव्यांसाठीचा, विमा मुख्यतः दोन तऱ्हांचा. ‘ऑकरन्स’ पॉलिसीत घटना पॉलिसी चालू असताना घडली, एवढं पुरतं. दावा नंतर कधीही येवो. ‘क्लेम्स-मेड’मध्ये दावासुद्धा पॉलिसी चालू असतानाच यावा लागतो. समजा, मार्चमध्ये तुम्ही एक रुग्ण तपासलात, जूनमध्ये नोकरी सोडलीत आणि पुढच्या वर्षी वकिलाची नोटीस आली, की तुम्ही उघड्यावर. ही फट बुजवणाऱ्या विम्याला ‘टेल’ म्हणतात, आणि त्याचा खर्च वार्षिक हप्त्याच्या दुप्पटसुद्धा होऊ शकतो. करारात नुसतं ‘विमा दिला जाईल’ असं असेल तर विचारा: कोणता? टेल कोण भरणार? आणि तुम्ही मला काढून टाकलंत तरी तुम्हीच भरणार का? हा तिसरा प्रश्न हमखास राहून जातो.

आता नॉन-कॉम्पीट, म्हणजे नोकरी सोडल्यावर ठरावीक काळ, ठरावीक अंतरात तेच काम करायला मनाई करणारं कलम. ‘ते तर आता बंद झालं ना?’ असं पुष्कळ जण विचारतात. नाही झालं. फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय व्यापार नियामक संस्थेने २०२४ मध्ये बंदीचा नियम केला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला आणि २०२५ मध्ये कमिशनने अपीलही सोडून दिलं. त्यामुळे सगळं राज्यावर अवलंबून. कॅलिफोर्नियात असं कलम जवळपास निरर्थक. मिनेसोटात १ जुलै २०२३ पासून झालेल्या करारांत ते चालत नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासूनच्या करारांत नर्सेसनाही संरक्षण मिळालं: ५ मैल, १ वर्ष, यापलीकडे बांधता येत नाही.

मैल वाचताना अंतर कुठून मोजायचं ते बघा. ‘कंपनीच्या कोणत्याही क्लिनिकपासून १० मैल’ असं लिहिलं असेल आणि कंपनीची शहरभर आठ क्लिनिकं असतील, तर नकाशावर वर्तुळं काढून पाहा. अख्खं शहर गेलं! ‘मी मुख्यतः जिथे काम करते त्या एका जागेपासून’ एवढी दुरुस्ती मागा. ती पुष्कळदा मिळते, कारण मालकाला नेमकी तीच जागा राखायची असते.

बोनसची एक गंमत सांगतो. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, नर्स प्रॅक्टिशनरच्या नावाने गेलेल्या बिलाला डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के देतं. तेच काम ‘इन्सिडंट टू’ नियमांत (डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेलं काम म्हणून) बसवून डॉक्टरांच्या नावाने पाठवलं की पूर्ण १०० टक्के. क्लिनिकने तसं करावं, नियमात बसत असेल तर हरकत नाही. पण तुमचा बोनस तुमच्या नावावरच्या बिलांतून ठरणार असेल, तर रुग्ण तुम्ही तपासायचे आणि आकडे डॉक्टरांच्या खात्यात. मोजणी कशी होणार आणि हिशेब दर महिन्याला बघायला मिळणार का, हे कलमातच हवं.

नोकरी सोडताना किंवा काढताना द्यायच्या नोटिशीचं थोडक्यात. ६० किंवा ९० दिवस, दोन्ही बाजूंना सारखेच हवेत. ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाले तर त्या दिवसांचा पगार मिळणार की नाही, तेही लिहून घ्या. नव्या जागी आरोग्यविमा कंपन्यांचं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे कागदपत्रं तपासून त्यांच्या यादीत नाव घेणं, व्हायलाच महिने जातात.

आणि मॅनेजर प्रेमाने म्हणेल, ‘शुक्रवारी अर्धा दिवस चार्टिंगसाठी (रुग्णांच्या नोंदी लिहायला) देऊ, काळजी करू नका.’ शेवटच्या पानावर बहुतेक करारांत एक कलम असतं: या कागदाबाहेरचं कोणतंही बोलणं ग्राह्य नाही. तेव्हा त्याच संध्याकाळी ईमेल करा, ‘आज बोललो ते करारात पुरवणी म्हणून जोडाल का?’ आणि पुरवणीवर त्यांची सही होईपर्यंत आपली करू नका.