एक शीट, तीस चंद्र: स्टेन्सिलनं छापलेला महिना

(टेबलावर कटर, स्पंज, पारदर्शक ओएचपी शीट)

नमस्कार मंडळी! आज आपण अख्खा चांद्रमहिना छापणार आहोत. तीस तिथी, तीस चित्रं, आणि ती मोबाइलवर एकामागून एक दाखवून छोटंसं ॲनिमेशन. तंत्र दिवाळीतल्या रांगोळीच्या छापाचंच, फक्त रांगोळीऐवजी स्पंज आणि पोस्टर कलर.

चित्र हर्णैचं. मागे सुवर्णदुर्ग, पुढे होडी, वर चंद्र. किल्ल्याचा स्टेन्सिल एकच. होडीचे दोन: एक तरंगणारी, एक वाळूवर कललेली.

आता चंद्र. तीस स्टेन्सिल कापत बसू नका, एकाच शीटवर काम होतं. गोल आखा आणि उजवीकडची बारीक कोर कापा. ही शुद्ध प्रतिपदा. छापा. शीट पुसा, पालथी घाला, दुसऱ्या कागदावर छापा. कोर डावीकडे आली, वद्य चतुर्दशी झाली! मग तेच भोक थोडं वाढवा: सुलट छापली तर शुद्ध द्वितीया, पालथी छापली तर वद्य त्रयोदशी. जोडीची बेरीज कायम 15. अष्टमीच्या आसपास आतली कड सरळ होते, पुढे डावीकडे फुगत जाते. पूर्ण गोल सुटला की पौर्णिमा. अमावास्येला काहीच छापायचं नाही, तेवढाच आराम. लक्षात ठेवा, पालथा छाप घेतल्याशिवाय पुढचा काप द्यायचा नाही. कापलेली तिथी परत मिळत नाही.

(जवळून: फळी आणि दोन खिळे)

शीट पालथी घातल्यावर चंद्र जागचा हलू नये, म्हणून गोलाचा मध्य, खिळ्यांसाठी पंचिंग मशीननं शीटला पाडलेल्या दोन भोकांच्या बरोबर मधोमध हवा. कागदालाही त्याच पंचिंग मशीननं भोकं पाडा आणि सगळं खिळ्यांवर अडकवा. स्पंज जवळजवळ कोरडा ठेवा आणि सरळ खाली टेकवा. घासलात तर रंग शीटखाली शिरणार. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. आपल्याकडच्या दमट हवेत कागद फुगतो, मग खिळे असून नसल्यासारखे.

आता पाणी. महिन्यात सत्तावन्नच्या आसपास भरत्या येतात. सगळ्या दाखवल्या तर नुसतं लुकलुकणार. म्हणून मी रोज दुपारी बाराचंच पाणी दाखवते. ते किती, हे कोळ्यांच्या ठोकताळ्यानं काढायचं: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे बाराला पाणी जवळपास भरलेलं, तेही उधाणाचं. अष्टमीची ओहोटी मात्र भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, त्यामुळे पाणी फार खाली नेऊ नका. इथे स्टेन्सिल कापायचीही गरज नाही. पुठ्ठा हातानं फाडा, फाटकी कड हीच लाट, आणि तो तिथीप्रमाणे वरखाली सरकवून निळा रंग भरा. (दुपारी बाराला आकाशात चंद्र कुठला, असं कुणी विचारेल. तो कालनिर्णयातला चंद्र समजा.)

शूटिंगला मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, खिडकी बंद करून एकच दिवा लावा. सेकंदाला 24 फ्रेम धरून प्रत्येक चित्र चार फ्रेम ठेवा. तीस चित्रांचे पाच सेकंद होतात. स्पंजचे ठिपके दर चित्रात बदलतात, किल्लासुद्धा किंचित थरथरतो. ते पुसत बसू नका, मला तेच आवडतं.

छापण्याचा क्रम आणि दाखवण्याचा क्रम वेगळा आहे, म्हणून प्रत्येक कागदामागे तिथी लिहा. लूप करताना अमावास्या एकदाच घ्या. सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा घेतलीत, तर पाणी तिथे अडखळतं.