युद्धाचं कर्ज, गरिबाचं मीठ

श्रोतेहो, नमस्कार.

१८ मार्च १८१६. लंडनला हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतमोजणी झाली आणि सभागृहात एकच जल्लोष उसळला. नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई जिंकून अजून वर्षही झालं नव्हतं, पण हा आनंद त्या विजयाचा नव्हता. प्राप्तिकर पुढे चालू ठेवायचा सरकारचा प्रस्ताव २३८ विरुद्ध २०१ मतांनी पडला होता. श्रीमंतांच्या उत्पन्नावरचा कर गेला. एवढ्यावर सभासदांचं समाधान झालं नाही. कुणाचं उत्पन्न किती, याच्या नोंदी असलेली सगळी कागदपत्रं नष्ट करा, असंही संसदेने फर्मावलं.

बरं, सरकारच्या तिजोरीत पैसा उतू जात होता म्हणावं, तर तसंही नाही. नेपोलियनशी लढता लढता ब्रिटनच्या डोक्यावर ८० कोटी पौंडांहून जास्त कर्ज झालं होतं. वर्षाकाठी जमणाऱ्या महसुलातला निम्म्याच्या आसपास, आणि पुढे तर निम्म्याहूनही अधिक हिस्सा नुसत्या व्याजात जात होता. असं असताना त्या संसदेने सगळ्यात मोठ्या करांपैकी एक काढून टाकला. मग व्याज कुठून भरायचं? आज मला आपल्याशी बोलायचं आहे ते याच प्रश्नाविषयी. ब्रिटनमध्ये कर, व्यापार आणि सरकारी कर्ज यांवर दोनशे वर्षं जे वाद झाले, त्यांच्या मुळाशी मला हाच प्रश्न दिसतो: कर्ज देशाच्या नावावर निघतं, पण व्याज कुणाच्या ताटातून निघतं?

हे कर्ज साचलं कसं, ते थोडक्यात सांगतो. १६९४ साली राजा तिसरा विल्यम फ्रान्सशी लढत होता आणि त्याला पैसा हवा होता. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली आणि तिने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने दिले. यातली नवी गोष्ट अशी, की सावकारांनी मुद्दल मागायचं नाही, व्याज मात्र वर्षानुवर्षं घ्यायचं, आणि त्या व्याजापोटी संसद एखादा कर बांधून देणार. नुसत्या राजाच्या शब्दावर दिलेले पैसे बुडायचे. संसदेने कर बांधून दिल्यावर ते बुडेनात. त्यामुळे इंग्लंडला पुढे स्वस्त व्याजाने कर्ज मिळत गेलं आणि कितीतरी मोठ्या फ्रान्सला न झेपणारी युद्धं या छोट्या देशाला झेपली. प्रत्येक युद्धागणिक कर्ज वाढलं. १७५२ साली तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने बजावलं होतं, की एकतर देश या कर्जव्यवहाराचा नाश करील, नाहीतर हा व्यवहार देशाचा नाश करील. तसं काही झालं नाही. पण १७६३ साली सप्तवार्षिक युद्ध संपलं तेव्हा खजिन्यावरचा भार इतका वाढला होता, की त्यातला काही वाटा अमेरिकेतल्या वसाहतींनी उचलावा म्हणून १७६५ साली स्टँप कायदा आला. आमचा प्रतिनिधी तुमच्या संसदेत नाही, तर कर कसला, असं वसाहतींनी विचारलं, आणि त्याचा शेवट अमेरिकेच्या स्वातंत्र्यात झाला.

१७९९ साली पंतप्रधान धाकट्या पिटने प्राप्तिकर आणला, तो फ्रान्सविरुद्धच्या लढाईसाठी. वर्षाला २०० पौंडांवर उत्पन्न असेल त्याने दहावा हिस्सा द्यायचा, ६० पौंडांच्या आत असेल त्याने काहीच नाही. सरकारी अधिकाऱ्याला आपली मिळकत सांगायची, याचा जमीनदारांना आणि व्यापाऱ्यांना मनस्वी राग होता. युद्ध संपताच त्यांनी शेकडो अर्ज संसदेत लोटले. मंत्री कॅसलरे यांनी या मंडळींना करातून सुटायची अडाणी घाई झाली आहे म्हणून फटकारलं, तेव्हा तर भडकाच उडाला. आणि मग ती मार्चमधली मतमोजणी.

आता व्याज भरायचं उरलं होतं मिठावर, साबणावर, मेणबत्तीवर, चामड्यावर, बिअर, चहा, साखर, काच, कागद यांच्यावर. यातला साबण जरा जवळून पाहू. साबणाच्या कारखान्यात जी मोठी कढई असे, तिला कुलूप लागेल असं झाकण बसवणं कायद्याने भाग होतं. संध्याकाळी अबकारीचा माणूस येई, झाकणाला कुलूप घालून मोहोर लावी, म्हणजे रात्री चोरून साबण शिजवायला नको. एवढी नजर कशावर? मजुराच्या बायकोच्या हातातल्या साबणाच्या वडीवर. आणि त्याच वेळी जमीनदाराच्या उत्पन्नाच्या नोंदी लगदा करायला पाठवल्या जात होत्या. मला आजही हे वाचताना संताप येतो. मिठावरचा कर युद्धकाळात बुशेलमागे, म्हणजे साधारण २५ किलोंमागे, १५ शिलिंगांवर गेला होता. मीठ बनवायला येणाऱ्या खर्चाच्या तो कित्येक पट होता.

घरांच्या खिडक्यांवरही कर होता. १६९६ पासून १८५१ पर्यंत. कर चुकवायला लोक खिडक्या विटांनी बुजवून टाकत, आणि भाडेकरू बिचारे अंधारात, कोंदट हवेत राहत.

याच्या जोडीला धान्य कायदा. १८१५ साली संसदेने ठरवलं, की देशातल्या गव्हाचा भाव क्वार्टरमागे, म्हणजे दोन क्विंटलांहून थोड्या अधिक वजनामागे, ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. कायदा करणारे बहुतेक सगळे जमीनदार. गहू महाग राहिला की जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, चढा राहतो. लंडनमध्ये दंगे झाले, संसदेभोवती सैन्य उभं करावं लागलं. दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला आठ-दहा शिलिंग मिळत, आणि त्यातला मोठा भाग पावातच जाई.

या सगळ्यात एका माणसाबद्दल मला विशेष आदर वाटतो. डेव्हिड रिकार्डो. शेअरबाजारात आणि सरकारी रोख्यांत त्याने अमाप पैसा केला, मग मोठी जमीनजुमला घेतली, म्हणजे स्वतः रोखेवालाही आणि जमीनदारही. १८१९ साली तो संसदेत गेला आणि म्हणू लागला, की सगळ्या मालमत्तेवर एकदाच मोठा कर बसवा आणि हे कर्ज फेडून मोकळे व्हा. धान्य कायद्यालाही त्याचा विरोध होता. दोन्हींत त्याच्या स्वतःच्या मालमत्तेला झळ होती. सभागृहाने त्याचं ऐकून घेतलं, मान दिला, आणि केलं काहीच नाही.

त्याच वर्षी, १६ ऑगस्टला, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर हजारो माणसं जमली. मतदानाचा हक्क द्या, धान्य कायदे नकोत, असे त्यांचे फलक होते. घोडेस्वार तलवारी घेऊन गर्दीत घुसले. पंधराच्या वर माणसं मेली, शेकडो जखमी झाली. गिरण्यांचं एवढं मोठं शहर, पण मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता. तो मिळाला १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतर. पुढचं सगळं बदललं ते तिथून, असं माझं मत आहे. अर्थशास्त्र तर रिकार्डोने आधीच सांगून ठेवलं होतं. कमी होती ती सभागृहात बसायच्या जागेची.

१८३८ साली मँचेस्टरमध्येच धान्य कायद्याविरुद्ध संघटना सुरू झाली, आणि रिचर्ड कॉब्डेन, जॉन ब्राइट गावोगाव सभा घेऊ लागले. १८४१ साली सत्तेवर आले हुजूर पक्षाचे सर रॉबर्ट पील. पक्ष जमीनदारांचा, पण पीलचे वडील लँकेशायरचे कापड गिरणीवाले. तिजोरीत दरवर्षी तूट. मार्च १८४२ मध्ये पीलने प्राप्तिकर परत आणला, आणि तोही शांततेच्या काळात. १५० पौंडांवर उत्पन्न असलेल्यांनी पौंडामागे ७ पेन्स द्यायचे. एका पौंडात २४० पेन्स, म्हणजे तीन टक्केही नाहीत. त्याच्या बदल्यात जकात असलेल्या सुमारे १२०० जिनसांपैकी ७५० वरची जकात त्याने कमी केली. मुदत तीन वर्षांची म्हणून सांगितली होती; कर आजतागायत चालू आहे.

१८४५ च्या मार्चमध्ये कॉब्डेन संसदेत धान्य कायद्याविरुद्ध बोलत होता. पील समोरच्या बाकावर टिपणं घेत होता. असं सांगतात, की भाषण ऐकता ऐकता त्याने हातातले कागद चुरगाळले आणि शेजारी बसलेल्या सिडनी हर्बर्टला म्हणाला, याला उत्तर तुम्ही द्या, मला देता येणार नाही. त्या वर्षअखेरीस आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने सडलं. १८४६ च्या मे महिन्यात धान्य कायदे रद्द करण्याचं विधेयक ३२७ विरुद्ध २२९ मतांनी मंजूर झालं. पीलच्या स्वतःच्या पक्षाचे सुमारे दोन-तृतीयांश सभासद विरोधात गेले. दीड महिन्यात त्याचं सरकार पडलं. जाताना तो म्हणाला, की घाम गाळून पोट भरणारा माणूस कर नसलेलं अन्न पोटभर खाईल, त्यात अन्यायाची कडवट चव नसेल, तेव्हा कदाचित माझं नाव आपुलकीने घेतलं जाईल. एखाद्या राजकारण्याचं हे वाक्य वाचून मी आजही हलून जातो.

पण आयर्लंडला या कायद्याचा उपयोग झाला नाही. स्वस्त गहू घ्यायला तिथल्या माणसाच्या हातात पैसाच नव्हता. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगाने गेली, आणि जहाजांतून धान्य बाहेर जातच राहिलं. बाजारात हात घालू नये, या तत्त्वाला चिकटून बसलेल्या अधिकाऱ्यांत प्रमुख होता चार्ल्स ट्रेव्हेल्यन.

हाच ट्रेव्हेल्यन पुढे हिंदुस्थानात आला, मद्रासचा गव्हर्नर म्हणून. आणि १८५९ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारचा अर्थखातं सांभाळणारा सदस्य म्हणून कलकत्त्याला आला जेम्स विल्सन. धान्य कायद्यांशी लढण्यासाठी १८४३ साली ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढणारा तो हाच. १८५७ चा उठाव मोडायचा सगळा खर्च हिंदुस्थानच्या नावे मांडला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांचा लाभांशसुद्धा इथल्याच महसुलातून जायचा. हे ओझं पेलायला विल्सनने १८६० साली आपल्याकडे पहिल्यांदा प्राप्तिकर लावला, वर्षाला २०० रुपयांपासून पुढच्या उत्पन्नावर. ट्रेव्हेल्यनने उघड विरोध केला: नवे कर लादू नका, आधी लष्कराचा खर्च कापा. आपलं टिपण त्याने वर्तमानपत्रांना दिलं आणि त्यापायी त्याला परत बोलावलं गेलं. आयर्लंडमधल्या त्याच्या वागण्याला माझ्या लेखी क्षमा नाही. पण मद्रासमधला त्याचा मुद्दा बिनतोड होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विल्सन कलकत्त्यात आजारी पडून वारला.

खुल्या व्यापाराचं तत्त्व आपल्याकडे कसं राबवलं गेलं, ते मुंबईच्या गिरण्यांना विचारावं. १८८२ साली विलायती कापडावरची जकात काढून टाकली. पुढे पैशांची गरज पडली म्हणून ती परत बसवली, तर लँकेशायरने ओरड केली. मग १८९६ साली असं ठरलं, की विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि बरोबरी म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी. जे जाडंभरडं कापड लँकेशायर इथे विकतही नव्हतं, गरीब माणूस वापरत होता, त्यावरसुद्धा. हा कर हटायला १९२६ साल उजाडलं.

आता पुन्हा मिठाकडे येतो. ब्रिटनमध्ये मिठावरचा कर १८२५ साली रद्द झाला. आपल्याकडे तो १८८८ साली मणाला अडीच रुपये केला गेला. १८९७ साली लंडनमध्ये हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गेले गोपाळ कृष्ण गोखले, वय वर्षं तीस. गणेश व्यंकटेश जोशी यांनी आकडेवारीसाठी त्यांना मोलाची मदत केली होती. दादाभाई नौरोजी त्या आयोगाचे सभासद होते. मग मार्च १९०२ मध्ये गोखले कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान सांगत होतं. गोखल्यांनी विचारलं, दुष्काळ आणि प्लेगने लोक गांजलेले असताना वर्षामागून वर्ष शिल्लक पडते, म्हणजे गरजेपेक्षा जास्त कर घेता असंच ना? मिठावरचा कर चढला की गरिबाच्या घरातलं मीठ कमी होतं, हे त्यांनी ठासून मांडलं. सभासदांना बोलायची मुभा होती, मत द्यायचा अधिकार नव्हता.

पुढच्या वर्षी मीठकर दोन रुपये झाला, १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा तूट आली तेव्हा, १९२३ साली, तोवर सव्वा रुपयावर गेलेला हा कर एकदम दुप्पट करून परत अडीच रुपये करायचं सरकारने ठरवलं. आता मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आलेले सभासद होते, मतदान होतं, आणि त्यांनी ही वाढ फेटाळली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने ती आपल्या विशेषाधिकारात लागू केली. वर्षभराने मागे घ्यावी लागली. मिठावरचा कर मात्र संपला तो १९४७ साली, ब्रिटनमध्ये रद्द झाल्यावर १२२ वर्षांनी.

नमस्कार.