एकवीस दिवस गोळी, सात दिवस विश्रांती: त्या सात दिवसांत नेमके काय थांबवायचे?

नमस्कार. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर तोंडाने घ्यायच्या टार्गेटेड गोळ्यांविषयी मी पूर्वी बोलले होते आणि त्या व्हिडिओखाली अजूनही प्रश्न येत आहेत. शब्द वेगवेगळे असले तरी बहुतेकांची अडचण एकच आहे: एकवीस दिवस गोळी घेऊन सात दिवस थांबायला सांगितले आहे, तर त्या सात दिवसांत काय काय बंद ठेवायचे आणि ते संपल्यावर नवी डबी आपणहून उघडायची का? कर्करोग विभागात औषधनिर्माती म्हणून काम करताना हाच घोळ माझ्यासमोर वारंवार येतो, आणि तो टाळता येण्यासारखा असल्यामुळे आज मी मुख्यतः त्याच्यावरच बोलणार आहे.

प्राथमिक गोष्टी झटकन सांगते, कारण त्या बहुतेकांना उपचार सुरू होताना समजावलेल्या असतात. गाठीच्या तपासणीत हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह आणि हर टू निगेटिव्ह, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी आहे आणि तिच्यात हर टू या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले नाही, असा निष्कर्ष आलेल्या, आजार इतरत्र पसरलेल्या रुग्णांना हार्मोनविरोधी उपचारासोबत सीडीके फोर-सिक्स इन्हिबिटर या गटातील एक औषध दिले जाते. पेशीचे विभाजन ज्या टप्प्यांतून जाते, त्यांतील एका टप्प्यावर सीडीके ४ आणि सीडीके ६ ही प्रथिने पेशीला पुढे जाऊ देतात. हे औषध त्यांना रोखते आणि पेशी तिथेच थबकते. पेशीचे हे चक्र कोण चालवते हे उलगडल्याबद्दल लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. या गटातील तीन औषधे प्रामुख्याने वापरली जातात. अमेरिकेत पॅल्बोसिक्लिबला २०१५ मध्ये, तर रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब यांना २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पॅल्बोसिक्लिबचा नेहमीचा आरंभीचा डोस दिवसातून एकदा १२५ मिलिग्रॅम असतो आणि रायबोसिक्लिबचा ६०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० च्या तीन गोळ्या एकाच वेळी. ही दोन्ही औषधे एकवीस दिवस घेऊन सात दिवस थांबवायची असतात. अबेमासिक्लिब हार्मोनविरोधी औषधाबरोबर दिवसातून दोनदा १५० मिलिग्रॅम घेतात आणि त्यात विश्रांतीचा आठवडा नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. त्या सात दिवसांत फक्त पॅल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब बंद राहते. सोबतची लेट्रोझोल या हार्मोनविरोधी औषधाची २.५ मिलिग्रॅमची गोळी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस, रोज, न चुकता घ्यायची असते. लेट्रोझोलऐवजी त्याच प्रकारचे ॲनॅस्ट्रोझोल असेल तरी हाच नियम आहे. गोळीऐवजी फुलवेस्ट्रंट या हार्मोनविरोधी औषधाचे इंजेक्शन असेल तर ते पहिल्या महिन्यात पहिल्या, पंधराव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी आणि पुढे महिन्यातून एकदा दिले जाते. त्याचा दिवस विश्रांतीच्या आठवड्यात आला तरी ते पुढे ढकलायचे नसते. पाळी अद्याप बंद झालेली नसलेल्या स्त्रियांना अंडाशयाचे काम थांबवणारे इंजेक्शन दिले जाते, आणि आजार हाडांत गेला असल्यास हाडांसाठी वेगळे इंजेक्शन असते. त्यांपैकी कशाचाही या सात दिवसांशी संबंध नाही.

एका रुग्णाची मुलगी दुसऱ्या आवर्तनाची, म्हणजे पुढच्या अठ्ठावीस दिवसांच्या फेरीची, औषधे घ्यायला आली होती आणि जुनी पाकिटे दाखवण्यासाठी सोबत घेऊन आली होती. पॅल्बोसिक्लिबची डबी रिकामी होती, कारण तिच्यात एकवीसच कॅप्सूल असतात. लेट्रोझोलच्या पट्टीवर मात्र शेवटची सात घरे न फोडलेली होती. आईने दोन्ही औषधे एकाच डब्यात ठेवली होती, एकाच वेळी घेतली होती आणि एकाच दिवशी थांबवली होती. तिला कुणी चुकीचे सांगितले नव्हते. "तीन आठवडे गोळ्या घ्या आणि एक आठवडा थांबा" एवढेच तिला सांगितले गेले होते, आणि त्या वाक्यातून तिने जो अर्थ काढला तो कुणीही काढला असता. म्हणूनच माझे आग्रहाचे म्हणणे आहे की औषध देणाऱ्याने प्रत्येक गोळीचे नाव घेऊन सांगावे: ही एकवीस दिवस, ही रोज.

[पडद्यावर: अठ्ठावीस घरांचा तक्ता. निळ्या खुणा एकवीस घरांत, लाल खुणा सर्व घरांत.]

हा तक्ता पाहा. निळी खूण पॅल्बोसिक्लिबची आणि लाल खूण लेट्रोझोलची आहे. शेवटच्या ओळीत निळे काही नाही, पण लाल खूण प्रत्येक घरात आहे. असा तक्ता घरी करायला फार वेळ लागत नाही. गोळी घेतली की त्या घरावर काट मारावी आणि तपासणीला जाताना तो कागद सोबत न्यावा.

हीच गोष्ट आता कारणाच्या बाजूने पाहू, कारण कारण समजले की नियम लक्षात ठेवावा लागत नाही. विश्रांतीचा आठवडा असतो तो अस्थिमज्जेसाठी, म्हणजे हाडांच्या आतील रक्तपेशी तयार करणाऱ्या भागासाठी. रक्तातील पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, तिथे तयार होतात, आणि त्यांच्या विभाजनालाही सीडीके ६ लागते. त्यामुळे औषध चालू असताना न्यूट्रोफिलची संख्या उतरते. केमोथेरपीत मज्जेतील पेशी मरतात, तर इथे त्या मुख्यतः थांबून राहतात. म्हणून औषध थांबवले की संख्या लवकर सावरते. लेट्रोझोल मज्जेवर असा ताण आणत नाही. ते शरीरात इस्ट्रोजेन तयार होऊ देत नाही, आणि ही रोखणी एक आठवडाही सैल पडू देण्याचे काही कारण नाही. रायबोसिक्लिबलाही हेच लागू आहे. अबेमासिक्लिबचा न्यूट्रोफिलवरचा परिणाम तुलनेने कमी असल्यामुळे ते सलग घेता येते.

यावरून एका प्रतिक्रियेचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. एका दर्शकाने लिहिले आहे की त्यांच्या मावशींना अबेमासिक्लिब चालू आहे आणि एका रुग्णगटात कुणीतरी सांगितल्यामुळे त्या दर महिन्याला एक आठवडा ते बंद ठेवतात. ज्यांनी सल्ला दिला त्यांच्या स्वतःच्या औषधासाठी तो बरोबर असेल. परंतु आजाराचे नाव एक असले म्हणजे गोळीचे वेळापत्रक एक असते असे नाही, आणि दुसऱ्याच्या आजारात छातीठोकपणे सल्ला देणाऱ्यांनी निदान औषधाचे नाव तरी विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मावशींनी हे आजच आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावे.

तिसरी बाजू सर्वांत दुर्लक्षित राहते. सात दिवस संपले म्हणजे पुढची डबी आपोआप सुरू होते, असे नाही. पॅल्बोसिक्लिबसाठी प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी रक्ताची सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची, तपासणी अपेक्षित असते आणि पहिल्या दोन आवर्तनांत पंधराव्या दिवशीही ती करतात. न्यूट्रोफिलची संख्या दर घनमिलिमीटरला १००० च्या खाली असेल तर नवे आवर्तन सुरू न करता थांबावे लागते आणि साधारण आठवड्याभरात रक्त पुन्हा तपासले जाते. म्हणजे सात दिवसांचे दहा किंवा चौदा दिवसही होऊ शकतात, आणि त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. त्या वाढलेल्या दिवसांतही लेट्रोझोल चालूच राहते. घरात नवी डबी आणून ठेवलेली असली तरी अहवाल पाहून डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय ती उघडू नये.

संख्या पुन्हा पुन्हा उतरत असेल तर डोस १२५ वरून १०० आणि गरज पडल्यास ७५ मिलिग्रॅमवर आणतात. "आईचा डोस कमी केला, आता औषध लागू पडणार नाही का?" हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनातील भीती मला समजते. पालोमा-२ या ६६६ स्त्रियांच्या चाचणीत लेट्रोझोलसोबत पॅल्बोसिक्लिब घेणाऱ्यांमध्ये आजार न वाढता गेलेला काळ २४.८ महिने होता, तर फक्त लेट्रोझोल घेणाऱ्यांमध्ये १४.५ महिने, हे दोन्ही मध्यांक आहेत, म्हणजे निम्म्या स्त्रियांमध्ये हा काळ त्याहून कमी आणि निम्म्यांमध्ये अधिक होता. त्या चाचणीत पॅल्बोसिक्लिब घेणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांची न्यूट्रोफिल संख्या बरीच उतरली होती, तरीही त्यासोबत ताप येण्याचे प्रमाण १०० मध्ये सुमारे २ एवढेच होते. ज्यांचा डोस दुष्परिणामांमुळे कमी करावा लागला, त्यांच्यात आजार आटोक्यात राहण्याचा काळ घटल्याचे नंतरच्या विश्लेषणात दिसले नाही. डॉक्टरांनी कमी केलेला डोस हा उपचाराचाच भाग आहे. स्वतःच्या मनाने एक दिवसाआड घेतलेली गोळी ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे. आणि प्रमाण कमी असले तरी ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक झाल्यास किंवा थंडी वाजून आल्यास, वेळ कोणतीही असो, रुग्णालयाशी त्वरित संपर्क साधावा.

उलटी झाली किंवा टार्गेटेड गोळी राहून गेली तर? त्या दिवशी जादा गोळी घेऊ नये आणि दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. पुढचा डोस नेहमीच्या वेळी घ्यावा. पॅल्बोसिक्लिबची कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची असते, गोळीच्या रूपातील पॅल्बोसिक्लिबला आणि रायबोसिक्लिबला जेवणाचे बंधन नाही. रायबोसिक्लिबमुळे हृदयाच्या विद्युत्‌प्रवाहात बदल होऊ शकत असल्याने उपचारापूर्वी आणि पहिल्या आवर्तनात चौदाव्या दिवसाच्या सुमारास ईसीजी काढतात, तसेच यकृताच्या तपासण्याही ठरावीक काळाने होतात. अबेमासिक्लिबमुळे जुलाब होतात, बहुधा अगदी सुरुवातीच्या दिवसांतच. पहिली पातळ शौच होताच लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारे औषध घ्यावे, भरपूर पाणी प्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. संध्याकाळपर्यंत वाट पाहत बसू नये. एका पायावर सूज आणि दुखणे किंवा अचानक धाप लागणे ही रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात, त्यामुळे त्यांना थकवा समजून सोडून देऊ नये.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण ती कर्करोग विभागाच्या बाहेर घडते. या तिन्ही औषधांचा शरीरातील निचरा यकृतातील एका विशिष्ट विकराच्या (एन्झाइमच्या) मार्फत होतो. नायट्यावर दिले जाणारे इट्राकोनाझोल किंवा घशाच्या संसर्गासाठीचे क्लॅरिथ्रोमायसिन त्या विकराला अडवते आणि टार्गेटेड गोळीचे रक्तातील प्रमाण वाढते. ग्रेपफ्रूटनेही तेच होते. उलट क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरचे फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांमुळे ते प्रमाण इतके घटू शकते की गोळी घेऊनही उपयोग होत नाही. त्वचेच्या, दातांच्या किंवा कोणत्याही अन्य डॉक्टरांकडे जाताना गोळीचे पाकीट दाखवावे. वनस्पतीजन्य पूरक औषधांविषयी पुष्कळ प्रतिक्रिया येतात. ज्या पुडीवर घटकांची नावे आणि प्रमाण लिहिलेले नाही, तिच्याविषयी कुणीही जबाबदारीने होकार देऊ शकत नाही, म्हणून मीही देत नाही.

शेवटी, स्कॅन चांगला आला तर गोळ्या कधी बंद होतील, असे अनेकांनी विचारले आहे. पसरलेल्या आजारात स्कॅन चांगला येणे म्हणजे औषध आपले काम करत आहे, आणि जोवर ते काम करते व शरीराला सोसते तोवर ते चालू ठेवतात. पुढील व्हिडिओत एव्हेरोलिमस ही दुसरी टार्गेटेड गोळी घेताना तोंड येते त्याविषयी बोलेन. त्याबद्दलचे प्रश्न खाली लिहिताना औषधाचे नाव, डोस आणि कितवे आवर्तन चालू आहे एवढे अवश्य नमूद करा, म्हणजे मला उत्तर नेमके देता येईल.