क्षेपणास्त्राचे बिऱ्हाड

१२ जुलै २०१९, शुक्रवार. तुर्कस्तानची राजधानी अंकारा हिच्या वायव्येला असलेल्या मुर्तेद हवाई तळावर रशियन हवाई दलाचे एक अवाढव्य विमान उतरते. ते थांबते, त्याचे नाक अख्खेच्या अख्खे वर उचलले जाते, पुढचा भाग गुडघे टेकावेत तसा जमिनीकडे झुकतो, आणि त्याच्या पोटातून लष्करी हिरव्या रंगाची वाहने एकामागून एक बाहेर येऊ लागतात. तुर्कस्तानच्या वाहिन्यांवर हे सगळे थेट दाखवले जात आहे, कारण विमानातून उतरणारे साहित्य एस-४०० या रशियन हवाई संरक्षण यंत्रणेचे आहे आणि ते स्वीकारणारा देश नाटो या लष्करी संघटनेचा सदस्य आहे.

त्या दिवशी पडद्यासमोर बसलेल्या अनेकांना क्षेपणास्त्रे दिसण्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात दिसले ते ट्रेलर, क्रेन बसवलेल्या मालमोटारी आणि साहित्य चढवणारी-उतरवणारी वाहने. २५ जुलैला तुर्की संरक्षण मंत्रालयाने पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे जाहीर केले, तेव्हा या तळावर उतरलेल्या विमानांची संख्या ३० झाली होती. दुसऱ्या टप्प्यातील साहित्य २७ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येत राहिले. आणि क्षेपणास्त्रे? १२० हून अधिक क्षेपणास्त्रे पुढे समुद्रमार्गे पाठवण्याचा बेत आहे, असे वृत्त रशियन वृत्तसंस्थेने त्याच जुलैमध्ये दिले होते.

या तपशिलापाशी थोडे थांबायला हवे, कारण हवाई संरक्षण यंत्रणा परदेशी नेण्याच्या कामाचे मर्म त्यातच आहे. क्षेपणास्त्र हा या यंत्रणेचा सर्वांत प्रसिद्ध भाग असला, तरी वाहतुकीच्या हिशेबात तो संसारातल्या एका भांड्यासारखा असतो; हलवायचे असते ते सगळे बिऱ्हाड. आकाशाचा शोध घेणारे रडार, लक्ष्याचा माग धरून क्षेपणास्त्राला वाट दाखवणारे दुसरे रडार, आदेश देणारे नियंत्रण वाहन, प्रक्षेपक आणि ते ओढणारे ट्रॅक्टर, संपर्काचे उंच मनोरे, वीज पुरवणारी जनित्रे, रिकाम्या प्रक्षेपकात नवी क्षेपणास्त्रे भरणारी क्रेनची वाहने, सुटे भाग, दुरुस्तीची अवजारे, इंधनाचे टँकर आणि हे सगळे चालवणारी माणसे. यांतले एखादे महत्त्वाचे वाहन मागे राहिले, तर पुढे पोहोचलेले बाकीचे साहित्य केवळ उभे राहते.

हे बिऱ्हाड किती मोठे असते, याचा एक अधिकृत आकडा उपलब्ध आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेचे एक बटालियन पूर्व आशियातून पश्चिम आशियात हलवले. अमेरिकेच्या हिंद-प्रशांत कमांडचे प्रमुख ॲडमिरल सॅम्युअल पापारो यांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये संसदेच्या समितीसमोर सांगितले की, या एका बटालियनसाठी सी-१७ जातीच्या मालवाहू विमानांच्या ७३ खेपा लागल्या.

७३ हा आकडा प्रथम ऐकताना अतिशयोक्त वाटतो, कारण सी-१७ हे काही लहान विमान नव्हे. ते जास्तीत जास्त ७७ टन वजन उचलते आणि मागचा रॅम्प धरून त्याच्या मालकक्षाची लांबी सुमारे २७ मीटर भरते. कक्षाची रुंदी साडेपाच मीटर आहे आणि पंखांच्या खालच्या भागात उंची पावणेचार मीटरच्या आसपास. परंतु प्रक्षेपकाचा ट्रेलर आणि त्याचा ट्रॅक्टर आत घेतला की लांबीचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. रडारचा ट्रेलर उंच आणि अवघड आकाराचा असतो. त्याच्यावर काही रचता येत नाही आणि शेजारी दुसरे मोठे वाहन मावत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा विमानाची वजन पेलण्याची ताकद शिल्लक राहते आणि जागा मात्र संपून जाते. शिवाय विमान जितके जड, तितका त्याचा पल्ला कमी. दूरच्या प्रवासात एकतर हवेत इंधन भरून घ्यावे लागते, वाटेत उतरावे लागते किंवा माल कमी न्यावा लागतो. एका पॅट्रियट बटालियनमध्ये सहसा चार बॅटऱ्या, म्हणजे स्वतंत्रपणे मारा करू शकणाऱ्या तुकड्या, असतात आणि त्यांतल्या प्रत्येक बॅटरीचे रडार, नियंत्रण केंद्र, प्रत्येकी १५० किलोवॅटची दोन जनित्रे असलेले वीजवाहन आणि अनेक प्रक्षेपक वेगळे असतात, हे लक्षात घेतले की ७३ खेपांचा हिशेब हळूहळू पटू लागतो.

विमान येण्याआधीच खरे काम सुरू झालेले असते. प्रत्येक वाहन धुऊन स्वच्छ केले जाते, कारण चाकांना चिकटलेल्या मातीबरोबर परक्या देशात कीड किंवा रोगबीज जाऊ द्यायचे नसते. त्यानंतर वाहनाच्या एकेका आसावरचे वजन मोजले जाते, त्याचा तोलबिंदू काढला जातो आणि तो वाहनाच्या अंगावर ठळक खुणेने दाखवला जातो. इंधनाच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या चालत नाहीत, कारण उंचीवर हवेचा दाब कमी झाला की इंधन फुगते आणि बाहेर येते. मग वाहतूक करणारे हवाई दल आणि साहित्याची मालक असलेली तुकडी एकत्र तपासणी करतात. या तपासणीत नापास झालेले वाहन धावपट्टीवरून परत पाठवले जाते, मग ते कितीही निकडीचे असो.

विमानाच्या आत अंतिम शब्द असतो तो लोडमास्टरचा, म्हणजे मालाची मांडणी आणि बांधणी पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचा. कोणते वाहन कुठे उभे करायचे, हे तो तोलाच्या गणितावर ठरवतो, कारण मालकक्षातले वजन मर्यादेपलीकडे पुढे किंवा मागे सरकले तर विमान नियंत्रणात ठेवणे वैमानिकाच्या हातात राहत नाही. जड चाकांचा भार एकाच जागी येऊ नये म्हणून त्यांच्याखाली लाकडी फळ्या घालतात. नंतर साखळ्या. अमेरिकी हवाई दलाच्या नियमानुसार माल पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओढ सहन करील अशा रीतीने बांधावा लागतो. मागे आणि दोन्ही बाजूंना दीडपट, तर वरच्या दिशेने दुप्पट. म्हणजे १० टनांचा ट्रेलर असेल, तर पुढच्या दिशेची बांधणी ३० टनांना पुरी पडली पाहिजे. वापरात असतात त्या साखळ्या साधारण साडेचार आणि अकरा टन क्षमतेच्या, आणि तिरकी बांधलेली साखळी आपली पूर्ण ताकद एका दिशेला देत नाही, म्हणून प्रत्येक साखळीचा कोनही मोजावा लागतो. मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वाधिक आदर वाटतो तो या कामाचा. त्याचे चित्रण क्वचित होते आणि त्यातली चूक मात्र सगळ्यांच्या जिवावर येऊ शकते.

प्रत्यक्ष क्षेपणास्त्रे न्यायची असतील तर अडचणींची जात बदलते. पॅट्रियटच्या पॅक-२ प्रकारातले एक क्षेपणास्त्र सुमारे पाच मीटर लांब आणि ९०० किलो वजनाचे असते. नव्या पॅक-३ प्रकारातल्याचे वजन त्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतके. ती ज्या बंद नळकांड्यात साठवतात, त्यातच त्यांचा प्रवास होतो आणि त्यातूनच ती डागली जातात. वजन फारसे नसले तरी ती स्फोटके आहेत, आणि स्फोटकांनी भरलेले विमान विमानतळावर कुठेही उभे करता येत नाही. त्यासाठी इमारती, इंधनसाठे आणि इतर विमानांपासून दूर राखलेली वेगळी जागा लागते. एका वेळी तिथे किती स्फोटक द्रव्य असू शकते याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा आली की पुढचे विमान कितीही मोकळे असले तरी थांबते. मोठी धावपट्टी असलेले विमानतळ अनेक सापडतात. अशी सोय असलेले फार थोडे.

यानंतरचा अडथळा नकाशावरचा आहे. १९४४ च्या शिकागो करारातील तिसऱ्या कलमानुसार लष्करी विमानाला दुसऱ्या देशावरून त्याच्या परवानगीशिवाय उडता येत नाही, आणि पस्तिसाव्या कलमानुसार युद्धसामग्री नेणाऱ्या नागरी विमानालाही अशी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे मार्गावरचा प्रत्येक देश या वाहतुकीत नकार देण्याचा अधिकार राखून बसलेला असतो. सप्टेंबर २०१५ मध्ये सीरियाकडे जाणाऱ्या रशियन विमानांना बल्गेरियाने आपले आकाश नाकारले, तेव्हा ती विमाने इराण आणि इराकवरून वळसा घेऊन गेली. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला तुर्कस्तानच्या लढाऊ विमानाने रशियाचे सुखोई-२४ पाडले आणि २६ नोव्हेंबरला सीरियातील हमैमीम तळावर एस-४०० तैनात झाल्याचे रशियाने जाहीर केले. दोन दिवसांत हे साध्य होते ते केवळ हवाई मार्गाने.

मुर्तेदच्या धावपट्टीवर उतरलेल्या साहित्याला मात्र अशी युद्धाची घाई नव्हती. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये काळा समुद्र आहे आणि एखाद्या मालवाहू जहाजाने ३० विमानांचा भार एका फेरीत पोहोचवला असता. तरीही विमाने निवडली गेली. एस-४०० चा हट्ट सोडण्यासाठी अमेरिकेने तुर्कस्तानला ३१ जुलैपर्यंतची मुदत दिली होती, आणि त्या मुदतीच्या आत, कॅमेऱ्यांसमोर, माघार अशक्य होईल अशा वेगाने साहित्य उतरवणे दोन्ही सरकारांना सोयीचे होते, असे मला वाटते. पहिले विमान उतरल्यानंतर पाचच दिवसांनी, १७ जुलैला, अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ लढाऊ विमानांच्या कार्यक्रमातून बाहेर काढल्याचे जाहीर केले.

या ३० फेऱ्यांतले मुख्य विमान होते अँतोनोव्ह-१२४, म्हणजेच रुस्लान. १९८२ च्या डिसेंबरमध्ये ते प्रथम उडाले. मूळ रचनेत ते १२० टन उचलते, त्याच्या मालकक्षाची लांबी ३६ मीटरांहून अधिक आहे, पुढून आणि मागून दोन्हीकडून माल चढवता येतो आणि छताला स्वतःच्या क्रेन आहेत. त्याची रचना कीव्हमध्ये झाली, त्याची चार इंजिने युक्रेनमधल्याच झापोरिझ्झियाची, आणि बरीचशी विमाने रशियातील उल्यानोव्स्कमध्ये जोडली गेली. २०१४ पासून कीव्ह आणि उल्यानोव्स्क ही दोन शहरे एकमेकांच्या शत्रू छावण्यांत आहेत, आणि जगातल्या अवजड हवाई वाहतुकीचा मोठा भार त्यांनी कधीकाळी मिळून बांधलेल्या या मोजक्या विमानांवर अजून आहे. नवे रुस्लान २००४ नंतर तयार झालेले नाही. सी-१७ चे उत्पादनही २०१५ मध्ये थांबले. जगात क्षेपणास्त्र यंत्रणांची मागणी वाढत आहे आणि त्या उचलणाऱ्या या दोन विमानांची संख्या मात्र गोठलेली आहे.

म्हणूनच जिथे वेळ हाताशी असतो, तिथे शहाणे नियोजक जहाजाकडे वळतात. जानेवारी २०१३ मध्ये सीरियाच्या सीमेजवळ तुर्कस्तानचे रक्षण करण्यासाठी जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी आपल्या पॅट्रियट बॅटऱ्या इस्केंदेरून बंदरात जहाजाने उतरवल्या. उलट १८ जानेवारी १९९१ च्या पहाटे इराकची स्कड क्षेपणास्त्रे तेल अवीव आणि हैफा या शहरांवर पडली, तेव्हा जहाजाचा विचार करण्याइतका अवधी नव्हता. पॅट्रियट चालवणाऱ्या इस्रायली सैनिकांचे प्रशिक्षण तोवर पूर्ण झालेले नसल्यामुळे अमेरिकेने जर्मनीतल्या आपल्या बॅटऱ्या सैनिकांसह विमानांत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या इस्रायलमध्ये उतरू लागल्या.

भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये एस-४०० च्या पाच पथकांसाठी करार केला आणि २०२१ च्या अखेरीस पहिल्या पथकाचे साहित्य आले, ते समुद्र आणि आकाश अशा दोन्ही मार्गांनी. दिल्लीजवळच्या हिंडन तळावर भारतीय हवाई दलाची ११ सी-१७ विमाने आहेत. एका पॅट्रियट बटालियनच्या ७३ खेपांशी हा आकडा ताडून पाहिला, तर मोठी यंत्रणा तातडीने दूर हलवायची झाल्यास किती मोठा ताफा किती दिवस अडकून पडेल, याचा अंदाज येतो.

विमान रिकामे झाले म्हणजे यंत्रणा सज्ज झाली, असे होत नाही. ६ मार्च २०१७ रोजी दक्षिण कोरियाच्या ओसान तळावर सी-१७ मधून थाड या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचे दोन प्रक्षेपक उतरले आणि त्याचे चित्रण जगभर दाखवले गेले. पण रडारशिवाय प्रक्षेपक आंधळा असतो. रडार आणि इतर साहित्य सोंगजू येथील जागेवर पोहोचायला २६ एप्रिल उजाडला. जागा समतल करावी लागते, रडारची दिशा अचूक बसवावी लागते, वीज आणि संपर्क जोडावा लागतो, मित्रांच्या विमानांवर चुकून मारा होऊ नये म्हणून ओळखीच्या संकेतांची यंत्रणा तपासावी लागते.

२३ जून २०२५ च्या संध्याकाळी इराणने कतारमधील अल-उदैद या अमेरिकी सैन्याच्या वापरातील तळावर क्षेपणास्त्रे डागली. तळावरचे बहुतेक लोक आधीच हलवलेले होते. अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल डॅन केन यांनी तीन दिवसांनी सांगितले की, तळाच्या रक्षणासाठी मागे राहिले होते सुमारे ४४ सैनिक आणि दोन पॅट्रियट बॅटऱ्या, आणि या कामगिरीत कोरिया आणि जपानमधून आलेले सैनिकही होते. त्या ४४ जणांत सर्वांत वडील होता २८ वर्षांचा एक कॅप्टन, आणि सर्वांत लहान होता २१ वर्षांचा एक शिपाई, ज्याला सैन्यात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती.