तांबडा रस्सा बंद करू नका, कट आणि मीठ बघा

नमस्कार मंडळी! कोल्हापुरात कुणाला हार्टचा त्रास निघाला की घरात पहिली बंदी येते ती तांबड्या रश्शावर. "आता तिखट बंद!" मला हे पटत नाही. मिरचीनं रक्तवाहिन्यांत चरबी साठत नाही. ॲसिडिटी असेल तर तिखट बाधतं, पण ती वेगळी गोष्ट. हृदयासाठी बघायचं ते रश्शावरच्या कटाकडं, म्हणजे वर तरंगणाऱ्या लाल तेलाकडं, आणि आतल्या मिठाकडं.

आधी मीठ, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा सपाट एक चमचासुद्धा नाही, आणि तेही दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून. आता आपली कांदा-लसूण मसाल्याची चटणी आठवा. उन्हाळ्यात डंकावर कांडून आणतो, ती वर्षभर टिकावी म्हणून तिच्यात मीठ घातलेलंच असतं. आमटीत चटणी पडली की मीठही पडलं. तरी सवयीनं आपण वरून पुन्हा घालतो, आणि ताटात खर्डा, लोणचं, पापड आहेतच. चटणी घातल्यावर आमटी चाखून बघा, मगच मिठाला हात लावा. बीपी वाढायला हे जास्तीचं मीठ मोठं कारण आहे.

आता तेल. ते कढईत मोजत बसू नका, किराण्याच्या यादीत मोजा. माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा. चौघांच्या घरात दोन लिटर. तुमच्याकडं पाच लिटर जात असेल, तर ते कुठं जातंय ते शोधा.

रश्शाला दाटपणा वाटणानं येतो, तेलानं नाही. तीळ, खोबरं कोरडंच भाजा, खोबऱ्याला स्वतःचं तेल सुटतं. मटणाचं अळणी पाणी आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला दिसेल. तो चमच्यानं काढून टाका आणि मग फोडणी द्या. चव तशीच राहते, खात्रीनं सांगते. पांढरा रस्सा मात्र सौम्य वाटतो म्हणून वाटीवर वाटी पिऊ नका, त्यात नारळाचं दूध आणि काजू असतात.

कोल्हापूर तालमींचं गाव. शाहू महाराजांनी इथं कुस्तीला बळ दिलं, खासबागचं मैदान उभं केलं. पण पैलवानाचा खुराक, ते तूप, ती थंडाई, तासन्‌तास घाम गाळणाऱ्या शरीराला पचतो. तालीम सुटली, गल्ल्यावर बसणं सुरू झालं आणि खुराक तोच राहिला, की पोट सुटतं, मागोमाग बीपी आणि साखर येते. असे काका जवळजवळ प्रत्येक घरात आहेत. त्यांना प्रेमानं सांगा.

व्यायाम म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं. रंकाळ्यावर चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. आणि बायकांनो, घरकामात हालचाल होते, पण दम लागेल असं सलग चालणं त्यात क्वचितच होतं. आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं स्वतःसाठी मागून घ्या. बीपी जास्त असेल तर श्वास रोखून जोर मारू नका, जड वजनं उचलू नका. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका.

छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, गार घाम, अचानक दम लागणं, असं काही झालं तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पीत थांबू नका. स्वतः गाडी चालवत निघू नका. १०८ ला फोन लावा.