रिपोर्टात ग्लुट-वन नाही? लॅबला शिव्या घालू नका!

नमस्कार मंडळी! किडनीच्या कॅन्सरवरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, बाबांच्या रिपोर्टात ग्लुट-वन लिहिलंच नाही. लॅब चुकली का?" नाही हो, नाही चुकली. व्हिडिओत मी ग्लुट-वनला आजार पुढे कसा वागेल याची "संभाव्य" खूण म्हटलं होतं, तिथून हे सुरू झालं.

आधी बेसिक, पटकन. ग्लुट म्हणजे पेशीच्या आवरणावरची, साखर आत घेणारी दारं. माणसात १४ प्रकारची, त्यातलं एक ग्लुट-वन. किडनीच्या कॅन्सरमधले चारातले साधारण तीन क्लिअर सेल प्रकारचे. त्यात बहुतेकदा व्हीएचएल जनुक बिघडतं, एचआयएफ नावाचं प्रथिन साठतं, ऑक्सिजन कमी पडल्यासारखी पेशी वागायला लागते आणि ग्लुट-वनची दारं वाढवते. पेशीला ऑक्सिजन कसा कळतो, या शोधाला २०१९चं नोबेल मिळालंय. झालं बेसिक.

आता गोम ऐका. व्हीएचएल बिघडतं ते अगदी सुरुवातीलाच. म्हणजे लहान गाठ असो की पसरलेली, दारं दोन्हीकडे वाढलेली. मग कुणाचा आजार पुढे कसा वागेल, हे त्यावरून कसं ओळखणार? कुंभमेळ्यात रामकुंडावर माणूस हरवला आणि तुम्ही पोलिसांना सांगितलं, "भगवे कपडे होते." शोधा!

"पण ताई, कमी-जास्त तर असेल ना?" असतं. गाठीचा तुकडा स्लाइडवर घेऊन खास रंग दिला की ग्लुट-वन तपकिरी दिसतं. तांबड्या पेशीसुद्धा तपकिरी होतात, कारण त्यांच्यावरही हीच दारं खच्चून भरलेली. गाठीच्या पेशींचा रंग मात्र एकाला "गडद" वाटतो, दुसऱ्याला "मध्यम". रेघ कुठे मारायची ते प्रत्येक अभ्यासात वेगळं, म्हणून निष्कर्षही जुळत नाहीत. आमच्याकडे एका स्लाइडवरून दोघांचा वाद चहा गार होईपर्यंत चालला होता.

आणि समजा, रंग अचूक मोजला. तरी तो स्टेज (आजार किती पसरलाय) आणि ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) यांपेक्षा वेगळं काही सांगतो का? द्राक्षं चाखून गोड लागली, आणि गोडी मोजणारं ब्रिक्सचं मीटरही "गोड" एवढंच म्हणालं, तर मीटरवर पैसे कशाला घालायचे? म्हणून ग्लुट-वनला मी "संभाव्य" खूण म्हणते. कमेंटमध्ये "संभाव्य" गाळून स्क्रीनशॉट फिरवणाऱ्यांनो, तुमच्यावर माझा राग आहे.

एकानं विचारलंय, दारं इतकी आहेत तर पेट स्कॅनवर गाठ झगमगेल की! अहो, या स्कॅनसाठी टोचलेली किरणोत्सारी साखर लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनी स्वतःच उजळते. त्या उजेडात गाठ वेगळी कशी ओळखणार?

आणि साखर सोडण्याचं काय? फॉरवर्ड वाचून दिंडोरीच्या माझ्या मावशीनं घरच्या बागेतली द्राक्षं बंद केली. दारं वाढली ती जनुक बिघडल्यामुळे, द्राक्षांमुळे नाही. शिवाय गोड सोडलं तरी रक्तातली साखर यकृत सांभाळतंच.

तर रिपोर्ट काढा. ग्रेड चारपैकी कितवी, टीएनएममध्ये (म्हणजे स्टेजच्या नोंदीत) टीपुढे आकडा कोणता, नेक्रोसिस (गाठीतला मेलेला भाग) लिहिलंय का, या तीन जागांवर पेननं खूण करा आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवा. मावशी, तू मात्र घड तोड. तुला ना मधुमेह, ना कॅन्सर.