व्हेपमध्ये नुसती वाफच असते होय?

नमस्कार मंडळी, आज जरा व्हेपबद्दल बोलूया, म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी दिसणारी ई-सिगरेट. संध्याकाळी रंकाळ्यावर बसलेल्या कॉलेजच्या पोरांना विचारून बघा, एखादा लगेच म्हणेल, "काय होत नाय ओ काका, नुसती वाफ हाय ती." आणि असं म्हणणाऱ्यांत सिगरेटला कधीच हात न लावलेली, रोज जिमला जाणारी पोरं पण असतात, मला जास्त काळजी त्यांचीच वाटते.

ह्यावर बरेच अभ्यास झालेत आणि पुन्हा पुन्हा हेच दिसतंय की ज्याला व्हेप कमी धोक्याचा वाटतो तो ओढायची शक्यता जास्त. पण उलटं पण होतं बरं का, मित्रानं दिला म्हणून एक झुरका मारला, काही झालं नाही, मग दुसरा, आणि रोज लागायला लागलं की आपलंच डोकं आपल्याला समजावतं, ह्यात काय वाईट नाय.

२०१५ ला इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेनं सांगितलं की व्हेप सिगरेटपेक्षा साधारण ९५ टक्के कमी घातक आहे. त्या आकड्यावर पुढं बरीच टीका झाली ते सोडा, पण ती तुलना सिगरेटशी होती, रोज पाकीट संपवणाऱ्या माणसासाठी. ज्या पोरानं कधी काही ओढलंच नाही त्यानं स्वच्छ हवेशी तुलना करायला पाहिजे ना! तिथं व्हेप सरळ सरळ तोट्याचाच आहे. अमेरिकेत जूल नावाचा व्हेप लई गाजला, त्याच्या एका पॉडमध्ये, म्हणजे आत बसवायच्या द्रवाच्या छोट्या डबीत, साधारण एका सिगरेट पाकिटाएवढं निकोटिन, पण ते अशा रूपात की घशाला टोचत नाही, म्हणून कळतच नाही किती आत गेलं, आणि तो ओढणाऱ्या कितीतरी तरुणांना त्यात निकोटिन असतं हेच माहीत नव्हतं.

मग २०१९ ला तिकडं व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या आजाराची लाट आली, २,८०० च्या वर लोक दवाखान्यात, ६८ मेले. सगळे घाबरले, आणि हायस्कूलच्या पोरांतलं व्हेप ओढायचं प्रमाण वर्षभरात २७.५ वरनं १९.६ टक्क्यांवर आलं, अर्थात त्यात वयाची अट आणि फ्लेवरवरची बंधनं पण होती, नुसती भीती नव्हे. त्या आजाराचं मुख्य कारण निघालं गांजाच्या अर्काच्या व्हेप काट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट नावाचं तेलकट रसायन. म्हणून फक्त घाबरवून भागत नाही, "आमच्यात ते नसतंय" म्हणून पोरगं पुन्हा मोकळं.

आपल्याकडं तर २०१९ पासनं विक्रीवर, साठ्यावर, जाहिरातीवर बंदीच आहे, विकताना पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी चोरून मिळतो, आणि चोरून आलेल्या मालात काय भरलंय हे विकणारा पण सांगू शकत नाही.

आईवडिलांनो, पोराच्या दप्तरात सापडला तर आधी कानाखाली नको, आधी विचारा, तुला ह्यात काय असतं असं वाटतं? त्याचं पूर्ण ऐकून घ्या, मग निकोटिनचं सांगा. आणि सुटतच नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवायची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट आहे, पोराला स्वतःला लावू द्या.